साक्ष की अर्ज? : परदेशगमनाच्या लेखनाविषयी

मराठीत परदेशगमनाच्या लेखनाची वाण नाही. १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडच्या प्रवासाचे पत्र लिहिले, १८८९ साली त्यांचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील पुस्तक आले, आणि तेव्हापासून आजतागायत साहेबाच्या किंवा अंकलसॅमच्या देशाला जाऊन आलेला जवळजवळ प्रत्येक पांढरपेशा लेखक काही ना काही लिहीत आला आहे. या लेखनाची समीक्षाही झाली. शैली, विनोद, निसर्गवर्णन, संस्कृतीची तुलना या अंगांनी ती झाली. परंतु जाण्यापूर्वी माणूस काय करतो, कोणते कागद गोळा करतो, कोणाला काय सांगून निघतो, आणि हे सांगताना स्वतःला कसा मांडतो, या बाजूने या लेखनाकडे फारसे पाहिले गेले नाही. आज आपल्या वस्त्यांतील मुलेमुली परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरू लागली असताना हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही.

सवर्ण परंपरेत परदेशगमनाची तयारी म्हणजे मुळात जात सांभाळण्याची तयारी होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, हा तेव्हाचा व्यवहार होता. आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे आपण अमेरिकेस का जात आहोत यावर भाषण केले. अठराही पूर्ण न झालेल्या त्या मुलीचे धैर्य मोठेच होते. पण त्या भाषणात तिला जी ग्वाही द्यावी लागली ती ध्यानात घ्यावी : हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पुढे ही भीती ओसरली. १९६० साली 'अपूर्वाई' आले तोवर परदेशगमन हा मराठी मध्यमवर्गाच्या कौतुकाचा आणि विनोदाचा विषय झाला होता. ज्याचे घर मागे शाबूत असते आणि ज्याची गावात पत असते, त्याला आपल्या गोंधळाची गंमत परवडते. त्या विनोदाला माझा आक्षेप नाही. त्याच्या पायाखाली कोणती जमीन होती, एवढेच मी दाखवीत आहे.

आपली गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. त्यांना जात जाण्याची भीती होती, तर आपल्याला ती जाईल अशी आशा होती. या एका फरकामुळे दोन्ही लेखनांचा आशयच वेगळा होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तयारी पाहा. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार गेले. ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले तेव्हा गाठीला सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत होती. करार, बचत, कर्ज आणि मदत मिळून ही तयारी झाली होती. एवढे सारे करून गेलेल्या या माणसाने प्रवासवर्णन मात्र लिहिले नाही. न्यूयॉर्कच्या इमारतींवर किंवा लंडनच्या धुक्यावर त्यांचे पुस्तक नाही. प्रवासावर त्यांनी जे लिहिले ते वीसेक पानांचे इंग्रजी टिपण आहे आणि त्याचे नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात ते आले.

व्हिसाची वाट पाहणे हे शीर्षक, आणि आत परदेशाचा एकही प्रसंग नाही! सातारा ते गोरेगाव, बडोदे, चाळीसगाव, दौलताबाद, काठेवाडातील एक खेडे, खेडा जिल्ह्यातील एक कचेरी. शीर्षकाचा खुलासा लेखकाने कोठेही केलेला नाही. तो करण्याची गरजही नाही. ज्याला आपल्याच देशात धर्मशाळेत, टांग्यात, तलावावर, दवाखान्यात शिरताना परवाना लागतो, त्याचा व्हिसा परक्या वकिलातीत अडलेला नसतो.

या टिपणाचा पहिला प्रसंग तयारीचाच आहे. १९०१ साल. वडील गोरेगावला नोकरीवर. सुट्टीत मुलांना त्यांनी भेटीला बोलावले आहे. मुलांसाठी नवे कपडे शिवले जातात. इंग्रजी बनावटीचे सदरे, भरजरी टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीचा पहिलाच प्रवास. मसूर स्टेशनावर मुले उतरतात. वडिलांना पाठविलेले पत्र पोहोचलेले नसते, म्हणून न्यायला कोणी आलेले नसते. पोशाख पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. कोणाची मुले, असे विचारतो. मूल भाबडेपणाने सांगते : महार. मास्तरचा चेहरा बदलतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. मुले तेथेच उभी राहतात. सूर्य मावळतीला येतो. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार होतो, तो मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. वाटेत जकात नाक्यावर, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, मूल उर्दूत बोलते आणि आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागते. पाणी तरीही मिळत नाही.

या प्रसंगाची घडण समीक्षकाने नीट पाहिली पाहिजे. कपडे, तिकीट, पत्र अशी तयारीची सर्व साधने येथे हजर आहेत आणि एका शब्दाने ती निकामी होतात. लेखक रडत नाही, रागावत नाही, दयाही मागत नाही. कोणी काय विचारले, काय उत्तर दिले, मग त्याने काय केले, एवढेच तो सांगतो. केंद्रस्थानी त्या मुलाचे दुःख नसून त्या मास्तरची कृती आहे. जात ही अस्पृश्याच्या अंगावरची खूण आहे असे हे लेखन मानत नाही. ती दोन माणसांच्या मध्ये घडणारी गोष्ट आहे आणि ती घडविणारा इसम ठरावीक आहे, ठरावीक खुर्चीवर बसलेला आहे, हे ते दाखविते.

दुसरा प्रसंग परतीचा आहे. पाश्चात्त्य देशांतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेब सांगतात. बडोद्याला उतरल्यावर पहिला प्रश्न : राहायचे कोठे? पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर राहतात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी येतात. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन मित्र आसरा देण्याचे टाळतात. नवी नोकरी मिळालेला, कोलंबियात शिकलेला हा तरुण बागेत बसून वेळ काढतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परततो. परदेशी पदवी हा या कथेचा विजयी शेवट नाही. ती कथेच्या मध्यावर आहे आणि तिच्याने एक खोलीसुद्धा मिळत नाही.

आणि उरलेले टिपण? त्यात 'मी' हळूहळू मागे सरतो. चाळीसगाव आणि दौलताबादच्या प्रसंगांत तो कार्यकर्त्यांच्या सोबत आहे. शेवटचे दोन प्रसंग तर सर्वस्वी दुसऱ्यांचे आहेत : डॉक्टरने शिवण्यास नकार दिल्यामुळे बाळंतीण पत्नी गमावलेल्या एका शिक्षकाचा, आणि कचेरीत छळ झालेल्या एका भंगी तरुणाचा. आत्मकथन म्हणून सुरू झालेले लेखन समूहाच्या साक्षीवर संपते. ही रचना अनवधानाने झालेली नाही. परक्या वाचकाला अस्पृश्यता ठाऊक असते, पण ती किती जाचक आहे याची कल्पना येत नाही, म्हणून सर्वसाधारण वर्णनापेक्षा प्रसंग देणे अधिक परिणामकारक, असे त्यांनी आरंभीच म्हटले आहे. म्हणजे वाचक परदेशी आहे हे ठाऊक असूनही त्यांनी हे लिहिले. परक्यापुढे आपले जगणे कसे मांडावे याचा आंबेडकरी वस्तुपाठ आपल्यापाशी आहे तो असा.

आता आजच्या तयारीकडे वळू. मी एका ग्रामीण महाविद्यालयात शिकविते. माझ्या घरात पदवी घेणारी मी पहिली. दरवर्षी दोन-चार विद्यार्थी शिफारसपत्रासाठी येतात, तेव्हा त्यांची सबंध फाईल मी पाहते. जातीचा दाखला, जात पडताळणी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण. नंतर पैसा. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून राहिलेली दाखवावी लागते. जर्मनीला एका वर्षासाठी ११,९०४ युरो गोठवून ठेवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जास तारण लागते, आणि तारण म्हणजे घर किंवा जमीन. ज्यांच्या बापाच्या नावावर सातबारा नाही, त्यांनी काय ठेवावे? खात्यात २८ दिवस पैसे पडून राहणे हीसुद्धा एक वंशावळच आहे. ज्या घरात पगार दहा तारखेला संपतो, तेथे तो महिनाभर झोपून राहत नाही.

पण या सर्व कागदांत एकच कागद असा आहे जो विद्यार्थ्याला स्वतः लिहावा लागतो. 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', मुलांच्या भाषेत एसओपी. एक-दोन पानांत आपण कोण, काय शिकलो, पुढे काय शिकायचे आणि का, हे सांगावयाचे. काही विद्यापीठे वैयक्तिक निवेदन वेगळे मागतात, शिष्यवृत्त्यांचे निबंध आणखी निराळे. अमेरिकेत जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रवेशात वंश विचारात घेण्यास मनाई झाली, पण वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिले तर ते विचारात घेता येते असेही त्यातच म्हटले आहे. म्हणजे दार लहान होत गेले आणि निबंधाचे वजन वाढत गेले. लाखोंच्या संख्येने लिहिला जाणारा हा आजचा एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याची समीक्षा कोणी करीत नाही. ती आपण केली पाहिजे, कारण आपल्या मुलांचे पहिले आत्मकथन आज या साच्यात लिहिले जात आहे.

हा साचा सर्वांना पाठ आहे. आरंभी बालपणीचा एक हलाखीचा प्रसंग. मग वाट दाखविणारा एक शिक्षक. मग जिद्द. मग गुणवत्ता. अखेर, शिकून परत येईन आणि समाजाची सेवा करीन. अर्ज तयार करून देणाऱ्या दुकानांत हाच साचा विकला जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने मसुदा पुढे ठेवून मला विचारले, "मॅडम, माझ्या गोष्टीत दुःख कमी पडतंय का?" तिचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. ती सांख्यिकीत पहिल्या वर्गात आलेली. आणि तिला सांगण्यात आले होते की आईचे हात अजून थोडे फाटलेले दाखव.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) ही पुस्तके आली तेव्हा, हे लोक दुःखाचे भांडवल करतात, असा आक्षेप घेतला गेला होता. आज नियतीचा उलटा न्याय पाहा : दुःखाचे भांडवल करा असे बाजारच सांगतो आहे, आणि जो करीत नाही त्याचा मसुदा कच्चा ठरतो आहे. दलित आत्मकथनात आणि या साच्यात मूलभूत अंतर आहे. आत्मकथनातील 'मी' वस्तीसकट येतो. एसओपीतील 'मी' वस्तीतून सुटका झालेला म्हणून येतो. आत्मकथनात जात ही व्यवस्था असते, एसओपीत ती अडथळ्याच्या शर्यतीतील एक अडथळा होते. तो ओलांडला की संपला. आणि या विजयगाथेतून काय गळते? वसतिगृह गळते, शिष्यवृत्ती गळते, ती मिळावी म्हणून ज्यांनी मोर्चे काढले ते गळतात. धर्मांतर गळते. ज्या आजीने गावकी सोडून शहराची वाट धरली तीही गळते. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या पुस्तकाचे बळ कोठे आहे? परदेशी डॉक्टरेट मिळविणाऱ्या मुलात ते जेवढे आहे, त्याहून अधिक गाव सोडून मुंबई गाठणाऱ्या बापात आहे. आपल्यातील पहिला स्थलांतरित तो. मध्यमवर्गीय वाचकाने मात्र त्या पुस्तकातून यशोगाथा तेवढी उचलली.

साच्याचा दुसरा एक सल्ला याच्या उलट आहे : जातीचा उल्लेखच करू नको. तेथील विभागात आपलेच देशबांधव असतात, खोलीचे जोडीदार असतात, आडनावावरून ओळखतात, कशाला? या सल्ल्यामागची भीती खोटी नाही. ती समजण्यासाठी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा पुन्हा वाचावी. तिच्याच नावाचा संग्रह १९६३ साली आला. नोकरीसाठी परमुलखात गेलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात लपवितो, आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. बागुलांनी चोरी हा शब्द योजला आहे त्यातला उपरोध भेदक आहे. माणसाने माणूस म्हणून राहावे तर ती चोरी ठरते! बडोद्यातील पारशी नाव, जकात नाक्यावरचे उर्दू आणि बागुलांच्या नायकाची चोरी यांची जात एकच आहे. तिन्ही ठिकाणी लपविणाऱ्याला लाज नाही. लाज असलीच तर दार अडविणाऱ्याला असावयास हवी होती.

वरवर पाहता हे दोन सल्ले परस्परविरोधी वाटतात. एक म्हणतो विक, दुसरा म्हणतो लपव. परंतु दोहोंचे गृहीत एकच आहे : जात ही दलिताची खाजगी मालमत्ता आहे. ती दुकानात मांडायची की पेटीत ठेवायची एवढाच प्रश्न. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे गृहीतच नाकारते. तेथे जात सांगितली जाते ती पुरावा म्हणून, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात सांगणारा उभा नसतो. साक्षीत आणि अर्जात फरक आहे तो हाच. अर्जदार ऐकणाऱ्याच्या मेहेरबानीवर असतो. साक्षीदार ऐकणाऱ्यावर जबाबदारी टाकतो.

येथे एक रास्त आक्षेप येईल. एसओपी हे साहित्य नव्हे, ते तिकीट आहे. तिकिटावर मूल्यांचे ओझे का लादता? पोरीला आधी जाऊ द्या. आक्षेप घेणारे बहुधा कार्यकर्तेच असतील आणि त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. पोरीने गेलेच पाहिजे, यात दुमत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक, जात बोटीतून आणि विमानातूनही जाते हे आता सिद्ध करावे लागत नाही. एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने २०२० साली सिस्को कंपनीवर खटला भरला; त्यातील दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा दावा २०२३ साली मागे घेण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तशा राज्यव्यापी विधेयकावर नकाराधिकार वापरला. लढा तेथेही चालू आहे. आपण जात ओलांडली आहे असे दोन पानांवर लिहून गेलेल्या मुलीला उद्या आडनाव विचारले गेले, तर ती कोणत्या भाषेत बोलेल? तिची भाषा तर अर्जातच खर्ची पडलेली असेल.

दोन, जो प्रश्न घेऊन जायचे तो प्रश्नच आपल्या हातून काढून घेतला जात आहे. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. २०२२ सालच्या तिच्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ९ मे १९१६ रोजी कोलंबियातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींची घडण, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. त्या निबंधाचा विषय आज या शिष्यवृत्तीच्या अर्जावर लिहिता येणार नाही! म्हणजे दलित विद्यार्थ्याने आपले दुःख निबंधात सांगावे, पण त्या दुःखाची मीमांसा करू नये. जखम दाखवावी, निदान करू नये. साच्याची मागणी आणि नियमावलीची मनाई येथे एकमेकींना पूरक ठरतात, आणि माझ्या मते आजच्या परदेशगमनाच्या लेखनातील खरा धोका हाच आहे.

म्हणून महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांवर एक काम येऊन पडते. मसुदा तपासताना व्याकरणाआधी काही प्रश्न विचारावेत. तुझा अभ्यासाचा प्रश्न पहिल्या परिच्छेदात आहे का, की तेथे केवळ आईचे हात आहेत? जे घडले ते कोणी घडविले, हे वाक्यात कर्ता म्हणून आले आहे का? 'मला प्रवेश नाकारला गेला' असे लिहू नकोस, नाकारणारा कोणत्या खुर्चीवर होता ते लिही. तुझ्या मागे कोण कोण आहेत? वसतिगृह, संघटना, वाचनालय, वर्गणी काढून परीक्षेची फी भरणारी वस्ती यांना एक तरी ओळ दे. आणि सेवा करीन असे वचन देण्यापूर्वी, तू कोणाची ऋणी आहेस आणि कोणाची नाहीस, हे ठरव. सांख्यिकीचा अर्ज करणाऱ्या मुलीने सांख्यिकीविषयी लिहावे. सफाई कामगारांच्या मृत्यूंची नोंद कशी होते आणि कशी होत नाही, हा सांख्यिकीचाच प्रश्न आहे. तिच्या वडिलांचे काम तेथे दयेसाठी येत नाही, ज्ञानासाठी येते.

असे लिहिलेले निवेदन प्रत्येक वेळी स्वीकारले जाईल अशी हमी कोणी देऊ नये, मीही देत नाही. मात्र ते वाचणाऱ्या परक्या प्राध्यापकाला आपल्यापुढे एक अभ्यासक उभी आहे हे दिसेल. आपल्या नियतकालिकांनीही या कागदांना वाङ्मयाबाहेरचे मानू नये. ज्यांचे प्रवेश झाले आणि ज्यांचे नाकारले गेले, त्या दोघांचीही निवेदने मिळवावीत, नावे वगळून छापावीत आणि त्यांवर चर्चा घडवावी. गावागावांतून आज किती मुले ही दोन पाने एकट्याने, रात्री, कोणा अनोळखी दुकानदाराच्या साच्यावरून लिहीत आहेत! त्यांच्या टेबलावर बाबासाहेबांचे ते वीस पानांचे टिपण पोहोचविणे हे आपल्या हातचे काम आहे.